शुगर उतरण्याची वाट बघत हिरड्यांचा उपचार थांबवू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ५८ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह, शेवटच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा, ९.४. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दात हलायला लागलेत आणि हिरडीवर दोनदा पुवाची गाठ येऊन फुटली. जवळच्या दातांच्या डॉक्टरांनी ‘आधी शुगर आटोक्यात आणा, मग बघू’ म्हणून परत पाठवलं. फिजिशियननी गोळ्या वाढवल्या, पण शुगर हवी तशी उतरत नाही. यात तीन महिने गेले. आता घरात दोन मतं आहेत: सगळे दात काढून कवळी बसवावी, किंवा अँटिबायोटिकचा एक जोरदार कोर्स करून बघावा. आणि तुमच्या आई विचारतात की त्या इतकी वर्षं मिश्री लावतात, त्यांच्या हिरडीतून कधी थेंबभर रक्त आलं नाही, मग मिश्री वाईट कशी?

आधी सरळ उत्तर देते. सगळे दात काढू नका आणि नुसत्या अँटिबायोटिकवरही विसंबू नका. वडिलांना याच आठवड्यात हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे न्या आणि हिरड्यांखालची सफाई सुरू करा. एचबीए१सी ९.४ असतानाच. ती सफाई शुगरच्या उपचाराचाच भाग आहे. ‘आधी शुगर, मग दात’ हा क्रम इम्प्लांटला लागू आहे, थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रियेला लागू आहे. पू झालेल्या हिरड्यांना नाही. मी हिरड्यांचंच काम करते आणि या एका वाक्यापायी गेलेले दात मला सतत बघावे लागतात. दातांचे डॉक्टर फिजिशियनकडे पाठवतात, फिजिशियन दातांच्या डॉक्टरांकडे, आणि मधल्या काळात दाताभोवतीचं हाड झिजत राहतं. झिजलेलं हाड बहुतांशी परत येत नाही.

असं का म्हणते ते समजून घ्यायचं तर हिरडीच्या आत डोकवावं लागेल.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती सापडल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक काही त्रास देत नाहीत. दातावर रोज बसणारा पांढरट चिकट थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो या जिवाणूंचाच असतो. तो काढला नाही तर किती दिवसांत बिघडतं, हे हिरड्यांच्या आजाराचे संशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे दाखवून दिलं. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसती सूज आणि रक्त एवढ्यावरच असेल तर आजार पूर्ण उलटवता येतो.

तुमच्या वडिलांचा आजार त्यापुढे गेला आहे. प्लाक तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होतो, त्याचं किटण बनतं. सुजलेली हिरडी दातापासून सुटते आणि तीन मिलिमीटरची खाच पाच, सहा, आठ मिलिमीटरची होते. याला पॉकेट म्हणतात. तिथे ब्रश पोचत नाही, चूळ पोचत नाही, प्राणवायूही फारसा पोचत नाही. अशा जागी वेगळेच जिवाणू माजतात. १९९८ साली बॉस्टनमध्ये सिगमंड सोक्रान्स्की यांच्या गटाने हिरड्यांखालच्या जिवाणूंची गटवारी केली. त्यात सगळ्यात घातक ठरलेल्या तिघांना ‘लाल गट’ असं नाव आहे: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. दात किडवणारे जिवाणू साखरेवर जगतात. हे मात्र प्रथिनांवर आणि रक्तातल्या लोहावर जगतात. ‘वडील तर गोड तोंडातही घालत नाहीत, मग हिरड्या का बिघडल्या?’ याचं उत्तर त्यात आहे. हिरडी सुजली, तिथून रक्त आणि स्राव झिरपू लागला, की या जिवाणूंना हवं ते खाद्य मिळतं. सूज वाढते तसे ते वाढतात आणि ते वाढले की सूज आणखी वाढते.

आणि हाड? ते जिवाणू खात नाहीत. जिवाणूंशी लढताना आपलंच शरीर दाताच्या मुळाभोवतीचं हाड विरघळवत मागे सरकतं. यात दुखत नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट. किडलेला दात ठणकतो, रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येतो. पायोरिया, म्हणजे हाड झिजवणारा हा हिरड्यांचा आजार, वर्षानुवर्षं गप्प असतो. दात हलला की मगच लोक येतात, आणि तोवर मुळाभोवतीचं निम्मं हाड गेलेलं असतं.

आता यात मधुमेह कुठे येतो?

रक्तात साखर जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटत जाते. एचबीए१सी ही तपासणी तेच मोजते, हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. म्हणून ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. पण साखर फक्त हिमोग्लोबिनला चिकटत नाही. हिरडीतल्या कोलॅजेनला चिकटते, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते. अशा साखर चिकटलेल्या प्रथिनांची दखल घेणारी यंत्रं पेशींवर असतात आणि ती चाळवली की पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. त्यात जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. म्हणजे जंतू मारण्यात शरीर कमी पडतं आणि सूज आणण्यात मात्र अति करतं. जखम भरायलाही वेळ लागतो. ज्यांची शुगर ताब्यात नाही त्यांना हाड झिजवणारा हा आजार होण्याची शक्यता साधारण तिप्पट असते. ज्यांचा मधुमेह काटेकोर ताब्यात आहे, त्यांचा धोका मधुमेह नसलेल्या माणसाच्या जवळपास येतो. आजाराच्या २०१७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर तो हिरड्यांचा आजार सर्वात वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. म्हणून मी पेशंटची फाइल उघडताना आधी हा आकडा बघते आणि मग तोंड.

जिवाणूंच्या बाबतीत बरीच वर्षं एक प्रश्न होता: मधुमेहाने जिवाणूच बदलतात, की जिवाणू तेच राहतात आणि शरीर बदलतं? २०१७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला यात फार महत्त्वाचा वाटतो. मधुमेह होणाऱ्या उंदरांच्या तोंडातले जिवाणू, शुगर वाढण्याआधी, इतर उंदरांसारखेच होते. शुगर वाढल्यावर ते बदलले. मग हे बदललेले जिवाणू काढून ज्यांना मधुमेह नाही अशा, पूर्ण जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात सोडले. त्या धडधाकट उंदरांच्या हिरड्या जास्त सुजल्या आणि हाड जास्त झिजलं. म्हणजे मधुमेहाने जिवाणूंची वस्तीच जास्त घातक केली होती. हिरडीत वाढणाऱ्या दाहाच्या एका रसायनाला, इंटरल्युकिन १७ ला, औषधाने अडवलं तेव्हा जिवाणूंचा हा घातकपणाही कमी झाला. उंदरावरचा निकाल जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, पण दवाखान्यात दिसतं ते याच्याशी जुळतं: शुगर अनावर असताना पॉकेट काही महिन्यांत खोल होतात.

हा झाला शुगरकडून हिरडीकडे जाणारा रस्ता. तो बहुतेक डॉक्टरांना माहीत आहे. हाराल्ड लो यांनीच १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. आधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणं. त्यांचा आधार होता अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या गिला नदीकाठच्या पिमा लोकांवरचा दीर्घ अभ्यास. टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या समाजांपैकी तो एक. त्याच लोकांमध्ये उलटा रस्ताही दिसला. ज्या मधुमेहींच्या हिरड्या सुरुवातीलाच गंभीर बिघडलेल्या होत्या, त्यांची शुगर पुढच्या काळात हाताबाहेर जाण्याचं प्रमाण जास्त होतं. हृदयविकार आणि मधुमेहाचा मूत्रपिंडाचा आजार या दोन्हींनी मिळून होणारे मृत्यूही, गंभीर पायोरिया असलेल्यांत तिपटीहून अधिक होते. हिरड्यांनीच ते मृत्यू ओढवले असं यावरून सिद्ध होत नाही. तरी ज्या घरात मधुमेह आहे तिथे पायोरियाकडे फक्त दातांचं दुखणं म्हणून बघता येणार नाही.

हिरडी शुगर कशी वाढवते? खोल पॉकेटची आतली बाजू ही त्वचा फाटलेली, उघडी जखम असते, जंतूंच्या थराला सतत टेकलेली. तोंडभर पायोरिया असेल तर या सगळ्या जखमा मिळून काही चौरस सेंटिमीटरची जागा होते. चावताना, घासताना जिवाणू आणि त्यांचे विषारी अंश तिथून रक्तात जातात. हिरडीत तयार झालेली दाहाची रसायनं, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन ६, रक्तात पसरतात, त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन वाढवतं. ही रसायनं पेशींवर इन्सुलिनचा प्रभाव पडू देत नाहीत. मग इन्सुलिन असूनही साखर रक्तातच राहते. ताप आला की मधुमेहींची शुगर वाढते हे तुम्ही घरात पाहिलं असेल. इथे तसंच, फक्त मंद आणि रोज.

तेवढीच पुवाची जखम तुमच्या वडिलांच्या पायाला असती, तर कुठल्या डॉक्टरने ‘आधी शुगर कमी करून या, मग ड्रेसिंग करू’ म्हटलं असतं? हिरडीची जखम झाकलेली असते, म्हणून ती थांबू शकते असं वाटतं.

सफाईने शुगर खरंच उतरते का, हे विचारणं रास्त आहे आणि यावर एकेकाळी मोठा वाद होता. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ जणांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी एचबीए१सीमध्ये काहीच फरक पडला नाही. ‘हिरड्यांच्या उपचाराचा शुगरशी संबंध नाही’ असं म्हणणारे आजही तीच चाचणी पुढे करतात. पण त्या चाचणीत उपचारानंतरही बहुतेक जागी प्लाक तसाच होता आणि हिरड्यांतून रक्त येणं थांबलं नव्हतं. हिरडी बरी झालीच नाही, तर शुगरवर परिणाम दिसणार कुठून? २०१८ मध्ये लंडनला २६४ जणांवर झालेल्या चाचणीत कसून उपचार केला: खोल सफाई, गरज पडली तिथे शस्त्रक्रिया, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी पुन्हा सफाई. दुसऱ्या गटाची फक्त वरवरची सफाई केली. वर्षाअखेर पहिल्या गटाचा एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होता. मग २०२२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ३५ चाचण्या, ३,२४९ माणसं एकत्र धरून आढावा घेतला: हिरड्यांच्या उपचाराने एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ ने, सहा महिन्यांत ०.३० ने आणि वर्षभरात ०.५० ने कमी होतो.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? वडिलांचा आकडा ९.४ वरून सफाईने सहावर येणार नाही. गोळ्या, जेवण, चालणं यांना हा पर्याय नाही. पण गोळ्या वाढवूनही जी शुगर हटून बसली आहे, तिच्यामागे हिरडीतला पू असू शकतो. तो तिथे ठेवून औषधं वाढवत राहणं मला पटत नाही.

ही सफाई म्हणजे सहा महिन्यांनी करतात ते दहा-पंधरा मिनिटांचं क्लीनिंग नव्हे, हे आधीच सांगते, कारण दवाखान्यात गेल्यावर ‘क्लीनिंग तर मागच्या वर्षीच केलं’ असं पेशंट म्हणतात. पहिल्या भेटीत डॉक्टर एका बारीक खुणा केलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेटची खोली मोजतील आणि लिहून ठेवतील. ही मोजणी न करता कोणी सगळे दात काढायला सांगत असेल तर दुसरं मत घ्या. मग संपूर्ण जबड्याचा एक्स-रे. त्यानंतर इंजेक्शनने जागा बधिर करून हिरडीखालचं किटण काढायचं आणि मुळं गुळगुळीत करायची. तोंडाचे भाग करून दोन ते चार बैठकांत हे होतं. वडिलांसाठी सकाळची वेळ मागा. रोजचा नाश्ता आणि रोजचं औषध किंवा इन्सुलिन घेऊनच जा. दाताच्या कामाला उपाशीपोटी जायचं असतं या समजुतीने गोळी घेऊन न खाता आलेले पेशंट खुर्चीत घामाघूम होतात, शुगर एकदम खाली जाते. ग्लुकोमीटर घरी असेल तर बरोबर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सफाईनंतर काय होईल तेही आधीच माहीत असू द्या. सूज उतरल्यामुळे हिरडी आवळते, दात लांब दिसतात, फटी दिसतात, गार पाणी लागतं. किटणाने जखडून धरलेले दात काही दिवस जास्त हलल्यासारखे वाटतात. ‘क्लीनिंगने दात सैल होतात’ ही आपल्याकडची घट्ट समजूत इथूनच आली आहे. दात सैल झाले ते हाड गेल्यामुळे. किटण फक्त ते लपवत होतं. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा तीच मोजणी होते. बहुतेक पॉकेट उथळ झालेले असतात, रक्त थांबलेलं असतं, आणि हलणारे काही दात घट्ट झालेले असतात, कारण सुजेमुळे आलेला सैलपणा सुजेबरोबर जातो. उरलेल्या खोल जागांसाठी हिरडी उघडून आतून साफ करावी लागते, ती छोटी शस्त्रक्रिया. तिच्यासाठी मात्र मी शुगर जरा खाली येऊ देते, आणि पहिल्या सफाईला तोवर तीन महिने झालेले असल्यामुळे नवा एचबीए१सी हातात असतो. तो आकडा फिजिशियनना दाखवाच आणि मधल्या काळात हिरड्यांचा उपचार झाला हेही सांगा, कारण औषधाचा डोस त्यांना त्या दृष्टीने ठरवावा लागेल.

यानंतर दर तीन महिन्यांनी देखभाल, कायमची. हे ऐकून लोक नाराज होतात. पण साफ केलेल्या पॉकेटमध्ये काही आठवडे ते काही महिन्यांत जिवाणूंची वस्ती पुन्हा बसते, आणि मधुमेहात ती लवकर बिघडते.

आता घरातल्या दोन मतांविषयी. अँटिबायोटिकने पुवाची गाठ बसते आणि बरं वाटतं, म्हणूनच फसायला होतं. प्लाकमधले जिवाणू एका चिकट थरात दडलेले असतात. औषध त्या थरात नीट शिरत नाही. किटण जागेवर आहे तोवर गाठ पुन्हा येणार. वडिलांना ती दोनदा आली आहे, आणि पुन्हा पुन्हा येणारी हिरडीची गाठ ही शुगर अनावर असल्याची खूण मानतात. ज्यांना मधुमेह असल्याचं माहीतही नाही अशांच्या तोंडात एकाच वेळी दोन-तीन गाठी दिसल्या तर मी आधी शुगर तपासायला पाठवते. अँटिबायोटिक कधीकधी लागतं, पण सफाईच्या जोडीला, मोजक्या पेशंटना, किंवा ताप आणि सूज पसरत असताना.

सगळे दात काढण्याचा विचार मला जास्त खुपतो. एखादा दात वर-खाली हलत असेल, त्याला हाडच उरलं नसेल, तर तो काढावाच लागेल. बाकीचे वाचवता येतात. खालचे पुढचे हलणारे दात बारीक तारेने एकमेकांना बांधूनही ठेवता येतात. मधुमेहात तोंड कोरडं असतं, कवळी घासून फोड येतात, ते भरत नाहीत, कवळीखाली बुरशी धरते. आणि जेवण बदलतं. भाकरी, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, मूठभर शेंगदाणे चावता येईनासे झाले की माणूस मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं आणि खारीवर येतो. जे मधुमेहीने टाळायचं तेच ताटात येतं.

घरी करायचं काम साधं आहे, पण रोजचं आहे. मऊ ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ४५ अंशात तिरका टेकवून हलक्या हाताने, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. फ्लोराइड असलेली कुठलीही साधी पेस्ट चालेल. राखुंडी, कोळसा, लाल मंजन, विटेची पूड नको; त्याने मुळं झिजतात. पायोरिया झालेल्या तोंडात फटींमधलं काम ब्रशहून महत्त्वाचं, म्हणून फटीत घालायचा छोटा इंटरडेंटल ब्रश डॉक्टरांकडून मापाने निवडून घ्या, वेगवेगळ्या फटींना वेगळं माप लागतं. मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, जरूर करा. तेलाच्या गुळण्यांनी किंवा हळद चोळण्याने सहा मिलिमीटर खोल पॉकेटमध्ये काही पोचत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सफाईनंतर दोनेक आठवडे ठीक. पुढे दात तपकिरी होतात आणि चव जाते.

बारा वर्षांच्या मधुमेहात हाताच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा असू शकतो, नजर कमी झालेली असू शकते. ‘बाबा नीट घासतच नाहीत’ असं मुलं म्हणतात तेव्हा मी त्यांना हे विचारायला लावते. अशा माणसाला जाड मुठीचा किंवा बॅटरीवरचा ब्रश खूप उपयोगी पडतो.

त्यांच्या औषधांची यादी एकदा डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाबरोबर रक्तदाब असतो आणि त्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन बऱ्याच जणांना चालू असतं. त्याने काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं असेल तर फिजिशियन गोळी बदलून देऊ शकतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतलेल्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. जीभ लाल, गुळगुळीत होऊन झोंबत असेल तर तेही तपासून घ्या.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट बघू नका. जबड्याखाली सूज, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास, सोबत ताप, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. आणि वरचे अनेक दात अचानक, काही दिवसांत हलू लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळपट डाग आला, तर तो पायोरिया नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेक मधुमेहींचे वरचे जबडे गेले, आणि कित्येकांची सुरुवात वरची दाढ हलण्याने झाली होती. ही बुरशी आजही अनावर मधुमेहात दिसते.

थोडं या व्यवस्थेबद्दलही बोलायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींवर आहेत, आणि सगळ्यात जास्त प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आहे. यातल्या माणसांना डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात, पायांना टाचणी टोचून बघतात, लघवीतलं प्रथिन बघतात. तोंड उघडा म्हणून क्वचितच कोणी सांगतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांसाठी एकत्र सूचना काढल्या. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०२२ पासून मधुमेहींना हिरड्यांच्या धोक्याची माहिती द्या असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे सध्या हे काम घरच्यांना करावं लागतं. म्हणून हिरड्यांच्या डॉक्टरांकडून मोजणीचा कागद मागून घ्या आणि तो फिजिशियनच्या फाइलमध्ये एचबीए१सीच्या रिपोर्टशेजारी लावा. तो कागद समोर असला की दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं.

आता आईंचा प्रश्न. त्यांच्या हिरडीतून रक्त येत नाही, याचा अर्थ हिरडी चांगली आहे असा नाही. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे आत आजार असूनही रक्त येत नाही. सुरुवातीची एकमेव सूचना असते ती रक्ताची, आणि मिश्री तीच झाकते. भाजलेला तंबाखू रोज हिरडीवर चोळल्याने हिरडी उतरते, मुळं उघडी पडतात, आणि गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा उठला तर तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. पण इतक्या वर्षांची सवय आहे, ती दात घासण्याची नाही, तंबाखूची आहे. ‘उद्यापासून पेस्ट वापर’ म्हणून ती सुटणार नाही. सकाळी मिश्री लावली नाही की पोट साफ होत नाही, डोकं जड होतं असं त्या सांगतील, आणि ते खरंच तसं होत असतं. टप्प्याटप्प्याने कमी करणं, गरज पडली तर तंबाखू सोडवण्याच्या केंद्रातून मदत घेणं, असं करा, त्यांना रागावू नका. वडिलांबरोबर त्याच दिवशी त्यांचंही तोंड तपासून घ्या, पॉकेट मोजून घ्या आणि शुगरही एकदा बघा. नवऱ्याला मधुमेह असलेल्या घरात बायकोची शुगर बऱ्याचदा कोणी तपासलेलीच नसते.